नववा लागला म्हणजे दिवस भरले असं नाही! तीन-चार आठवडे आधी आलेल्या बाळाला पहिले दहा दिवस जास्त का जपायचं?

बाळाचं वजन सव्वादोन किलो. जन्मताच रडलं, अंगावर थोडं दूधही प्यायलं. काचेच्या पेटीत ठेवायची गरज पडली नाही. मग घरचे म्हणतात, ‘सगळं नीट आहे, आता घरी सोडा.’ अशी कितीतरी बाळं दवाखान्यातून घरी जातात आणि त्यातली बहुतेक चांगली वाढतातही. पण काही बाळं चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी पडून, दूध सोडून, अंग थंड पडून परत दवाखान्यात आणावी लागतात. तेव्हा घरच्यांना प्रश्न पडतो, चांगलं होतं की बाळ, मग एकाएकी काय झालं?

एकाएकी काही झालेलं नसतं. बाळ दिवस भरण्याआधी आलेलं असतं, फक्त ते दिसायला पूर्ण दिवसांचं वाटतं. गडबड इथंच होते.

लवकर म्हणजे किती लवकर?

गरोदरपण मोजायचं ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. तिथून ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस धरतात. आपल्याकडे जुन्या बाया ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात, डॉक्टर नऊ महिने सात दिवस मोजतात. हिशेब जवळजवळ एकच.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी बाळ झालं तर ते अपुऱ्या दिवसांचं. त्यातही ३४ आठवडे पूर्ण झाल्यापासून ३६ आठवडे ६ दिवसांपर्यंत जन्मलेल्या बाळांचा वेगळा गट धरतात. गावच्या भाषेत सांगायचं तर आठवा सरत आलेला किंवा नववा नुकताच लागलेला. वेळेआधी जन्मणाऱ्या बाळांमध्ये सगळ्यात मोठा गट हाच, शंभरातली साधारण सत्तर बाळं यातली असतात.

पूर्वी डॉक्टरही या बाळांना ‘जवळपास पूर्ण दिवसांची’ म्हणायचे. त्यामुळे त्यांच्याकडे पूर्ण दिवसांच्या बाळासारखंच बघितलं जायचं. २००५ साली अमेरिकेत तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिथं हे नाव सोडायचं ठरलं. ही बाळं अपुऱ्या दिवसांचीच आहेत, ते नावातूनच कळलं पाहिजे, असा तो विचार होता.

जगात दर दहा बाळांमागे साधारण एक बाळ वेळेआधी येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. त्यातली जवळपास ३० लाख एकट्या भारतातली, म्हणजे कुठल्याही देशापेक्षा जास्त.

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही’ हे खरं आहे का?

अजिबात नाही. हा समज फार जुना आहे आणि आपल्याच नाही, इतर देशांतही आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. सातव्या महिन्यातल्या बाळापेक्षा आठव्यातलं बाळ नक्कीच जास्त तगडं आणि आठव्यातल्यापेक्षा पूर्ण नऊ महिन्यांचं.

शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत बाळ फक्त ‘वजन धरतं’ असं अनेकांना वाटतं. पण या काळात फुप्फुसं श्वासासाठी तयार होतात, कातडीखाली चरबी साठते, यकृत कामाला लागतं. ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टी एका तालात करायला बाळ शिकतं. मेंदूचं तर ३४-३५ आठवड्यांना पूर्ण दिवसांच्या मानाने साधारण दोन तृतीयांशच वजन असतं. उरलेला एक तृतीयांश मेंदू या शेवटच्या आठवड्यांत वाढतो.

आधी तारीख पक्की करा

तारीखच माहीत नसेल तर बाळ लवकर आलं की वेळेवर, हे कुणालाच सांगता येत नाही. वजनावरून ते कळत नाही. सव्वादोन किलोचं बाळ पूर्ण दिवसांचं पण पोटात कमी पोसलेलं असू शकतं किंवा ३५ आठवड्यांचं पण दिवसांच्या मानाने चांगलं असू शकतं. दोघांची काळजी वेगळी.

हिशेब सोपा आहे. समजा शेवटची पाळी १ जूनला आली. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. अपेक्षित तारीख येते ८ मार्च. याच बाईचं बाळ साधारण २५ जानेवारी ते १४ फेब्रुवारी या दिवसांत झालं तर ते आपण बोलतोय त्या गटातलं. १५ फेब्रुवारीपासून ३७ आठवडे पूर्ण.

पाळीची तारीख आठवत नसेल तर सण आठवा. पोळ्याच्या आधी की नंतर, गणपतीत की नवरात्रात, हे सांगितलं तरी आशाताई कॅलेंडर बघून तारीख काढतात. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी दिवस मोजायला सगळ्यात भरवशाची. आठव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत येणारी तारीख बाळाच्या मापावरून काढलेली असते, ती पुढेमागे होते. म्हणून पहिला रिपोर्ट टाकून देऊ नका.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. सातव्यात ओटी भरली की लेक माहेरी जाते. गाव बदलतं, आशाताई बदलतात आणि माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या कपाटातच राहतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचंही तेच. दिवाळीच्या आगेमागे फड गाठला की गावातली नोंद गावातच राहते. त्यामुळे कार्ड सोबत ठेवाच, शिवाय कार्डाचा आणि पहिल्या सोनोग्राफीचा फोटो काढून नवरा-बायको दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर तो एक फोटो फार कामाला येतो.

बाळ लवकर का येतं?

सगळ्यात आधी एक गोष्ट. बऱ्याच वेळा नक्की कारण सापडतच नाही. ‘सुनेनं पपई खाल्ली’, ‘ग्रहण पाळलं नाही’ असले आरोप करून बाळंतिणीला दोष देण्यात काही अर्थ नाही. पण काही कारणं माहीत आहेत आणि त्यातल्या काहींवर वेळेत इलाज होतो.

• रक्तदाब वाढणं. गरोदरपणी १४०/९० किंवा त्याच्या वर रक्तदाब गेला की सावध व्हावं लागतं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, छातीखाली वरच्या पोटात दुखणं ही त्याची लक्षणं. कधी कधी आईचा जीव वाचवायला बाळ लवकर बाहेर काढणं हाच इलाज असतो. तेव्हा डॉक्टरांशी वाद घालण्यात वेळ घालवू नये.

• जंतुसंसर्ग. लघवीला जळजळ, वास येणारं अंगावरून जाणं, ताप, हिवताप. ‘बायकांचं असतंच’ म्हणून हे अंगावर काढलं जातं. साध्या लघवी तपासणीत कळतं आणि औषधाने बरंही होतं.

• वेळेआधी पाणी जाणं. कळा नसल्या तरी अंगावरून पाणी गेलं की थेट दवाखाना गाठायचा. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

• रक्त कमी असणं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर महिलांमध्ये तो आढळला. लोहाच्या गोळ्या मिळतात, पण डब्यात पडून राहतात. चहासोबत घेतल्या तर लोह अंगी कमी लागतं. जेवणानंतर तासाभराने, लिंबू पाण्यासोबत घेतलेल्या बऱ्या.

• मिश्री आणि तंबाखू. ‘दातालाच तर लावते’ हे कारण चालत नाही, तंबाखू हिरडीतून रक्तात जातोच. मुंबईतल्या गरोदर महिलांवरचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्री किंवा इतर तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरली आणि त्यांच्यात वेळेआधी बाळंतपणही जास्त आढळलं.

• कोवळं वय, कमी अंतर. राज्यात २० ते २४ वयाच्या साधारण २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे, असं तेच सर्वेक्षण सांगतं. आईचंच अंग भरलेलं नसताना बाळ पोसायचं कसं? एका बाळंतपणानंतर पुढच्या वेळी दिवस जाण्याआधी निदान दोन वर्षं तरी मधे असावीत.

• इतर. जुळं, साखरेचा आजार, आधीचं बाळंतपण लवकर झालेलं असणं. शेवटच्या महिन्यांत जड ओझी उचलणं, तासन् तास उभं राहून काम करणं टाळलेलंच चांगलं.

एक कारण मात्र पूर्ण आपल्या हातातलं आहे, ते म्हणजे सोयीचं सिझर. काही जण मुहूर्त काढून आणतात, काहींना लग्नसराई किंवा अमावास्या टाळायची असते. आईला किंवा बाळाला धोका नसेल तर ठरवून करायचं सिझर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी करू नये, असं वैद्यकशास्त्र सांगतं. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘आज किती आठवडे, किती दिवस झाले? आत्ताच का करायचं?’ कारण असेल तर डॉक्टर सांगतील. भटजींच्या पंचांगात बाळाच्या फुप्फुसांची तारीख नसते.

बाळाला नेमकं काय होतं?

अंग थंड पडतं. चरबी कमी, त्यामुळे ऊब टिकत नाही. थंड पडलेलं बाळ ऊब धरण्यातच ताकद घालवतं, मग साखर उतरते, दूध ओढायला जोर राहत नाही.

साखर कमी होते. पहिल्या एक-दोन दिवसांत ही भीती जास्त. बाळ थरथरतं किंवा अगदी मलूल पडतं.

दूध कमी जातं. तोंडात धरतं, चार घोट ओढतं आणि झोपी जातं. घरच्यांना वाटतं पोट भरलं. खरं तर ते दमलेलं असतं. ‘आमचं बाळ फार शांत, रडतच नाही’ हे ऐकायला बरं वाटतं, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत ही कौतुकाची नाही, लक्ष देण्याची गोष्ट आहे.

कावीळ वाढते. यकृत कच्चं असल्याने पिवळेपणा जास्त चढतो आणि जास्त दिवस टिकतो. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ओसरायला लागते. या बाळांची पाचव्या ते सातव्या दिवशी टोकाला जाते, म्हणजे बाळ घरी आल्यावर. कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, ऐकू येणंही जाऊ शकतं. दवाखान्यातल्या निळ्या दिव्याखाली ठेवून ती उतरवता येते. कोवळ्या उन्हात धरणं हा त्यावरचा इलाज नाही. उन्हाच्या भरवशावर दोन दिवस गेले तर तेच महागात पडतात.

श्वासाचा त्रास आणि जंतुसंसर्ग. फुप्फुसं आणि प्रतिकारशक्ती दोन्ही अजून तयार होत असतात.

घरी काय करायचं?

पहिलं म्हणजे दवाखान्यातून घाई करून निघू नका. निदान ४८ तास थांबाच. बाळ नीट पितंय, वजन फार घसरत नाहीये, कावीळ तपासली, एवढं झाल्यावरच सुट्टी घ्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, आईचं जेवण, जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचारही मोफत आहेत.

ऊब. बाळाला टोपरं, मोजे आणि लंगोट एवढंच घालून आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून साडी किंवा चादर लपेटायची. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांनी ती सुरू केली, आज जगभर वापरतात. आई दमली तर बाप, आजी, मावशी कुणीही धरू शकतं. खोली उबदार असावी, पण बंद खोलीत शेगडी आणि धुरी नको. तो धूर बाळाच्या छातीत जातो.

आंघोळ. पहिला दिवस तर नकोच. आईच्या पोटातून येताना अंगावर असलेला पांढरा थर खरवडून काढू नका. या बाळांना वजन वाढेपर्यंत कोमट ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं केलं तरी पुरे. तेल चोळून, पाय ओढून न्हाऊ घालायची घाई नको. कधी सुरू करायचं ते नर्सताईंना विचारा.

दूध. पहिल्या तासात अंगावर घ्यायचं, चिकाचं दूध टाकायचं नाही. नंतर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. बाळ झोपलं असेल तर तळपायाला हलकं चोळून उठवा. मोबाईलला गजर लावून ठेवा. ओढायला जोर नसेल तर आईचं दूध स्वच्छ वाटीत काढून चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. मध, घुटी, साखरपाणी, गाईचं-शेळीचं दूध, बाटली यातलं काहीच नको. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर दूध पुरतंय असं समजायचं.

स्वच्छता. हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला कुणी घ्यायचं नाही. बेंबीला हळद, राख, तेल काही लावायचं नाही. बाळ बघायला येणारी गर्दी महिनाभर टाळली तर कुणी रुसत नाही.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

• दूध ओढणं बंद किंवा एकदम कमी, उठवूनही उठत नाही
• पोट आणि तळपाय दोन्ही हाताला थंड लागतात किंवा अंग तापलेलं आहे
• मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते, कण्हतं
• पहिल्याच दिवशी पिवळं दिसतं किंवा पुढे कधीही तळहात-तळपाय पिवळे दिसतात
• ओठ-जीभ निळी, झटके, बेंबीतून पू

श्वास मोजायला मोबाईलचं घड्याळ लावा आणि बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. पिवळेपणा दिवसाच्या उजेडात बघा, बल्बच्या उजेडात किंवा फोटोत तो कळत नाही. यातलं एक जरी दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात पोहोचा. १०२ ची गाडीही गरोदर माता आणि बाळासाठीच आहे. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा खास कक्ष असतो, त्याला एसएनसीयू म्हणतात. वाटेत बाळ आईच्या छातीशीच ठेवा.

आशाताई दारात आल्या तर

बाळ दवाखान्यात झालं असलं तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. वजन करतात, ताप बघतात, दूध पाजणं बघतात. ‘सगळं ठीक आहे’ म्हणून दारातूनच त्यांना परत पाठवू नका.

या भेटींची मुळं आपल्याच राज्यात आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथला नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते काम छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशांमार्फत ही पद्धत सुरू झाली. गावातलीच शिकलेली बाई, एक वजनकाटा आणि एक थर्मामीटर यांनी हे घडवलं.

पुढच्या महिन्यांत

लस जन्मतारखेप्रमाणेच द्यायची, ‘लवकर झालंय, नंतर देऊ’ असं नाही. मान धरणं, बसणं, चालणं मात्र अपेक्षित तारखेपासून मोजायचं. पाच आठवडे आधी आलेलं बाळ चार महिन्यांचं झालं, तर त्याची तुलना साधारण तीन महिन्यांच्या बाळाशी करा, शेजारच्या चार महिन्यांच्या बाळाशी नको. वजन २ किलोपेक्षा कमी होतं किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्म झाला, तर महिन्याच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी हवीच. कावीळ जास्त झाली असेल तर कानाचीही करून घ्या. पुढच्या गरोदरपणी पहिल्याच तपासणीला ‘मागचं बाळ लवकर झालं होतं’ हे न विसरता सांगा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. घरात, शेजारी, भावकीत कुणाला दिवस गेले असतील तर येत्या ९ तारखेला तिला घेऊन जा आणि तिची अपेक्षित तारीख कार्डावर लिहिली आहे का, ते तिथंच बघून घ्या.